जिथे तू गायस, तिथे मी गाया

५ मे, रविवार

हुश्श! झाला एकदाचा पहिला कार्यक्रम. 'रोम अजून आपल्या घरात' — हे नाव माझं. संचालकांना ते 'उथळ' वाटतं. त्यांना हवं होतं 'प्राचीन रोमन संस्कृतीचा आधुनिक जीवनावरील प्रभाव : एक दृष्टिक्षेप'. म्हटलं, सर, हे नाव ठेवलं तर दृष्टिक्षेप टाकायलासुद्धा कुणी फिरकणार नाही. बरं, म्हणाले. पण अशा आवाजात की वाटावं मी त्यांच्या शंभर पिढ्यांचा अपमान केलाय.

पुतळा आहे नुसता! हे नाव काही मी ठेवलेलं नाही. मागे एकदा शिल्पांच्या दालनात हात मागे बांधून इतके निश्चल उभे होते की एक आजोबा खाली वाकून त्यांच्या पायाशी माहितीची पाटी शोधायला लागले. तेव्हापासून अख्खं म्युझियम त्यांना पुतळाच म्हणतं. तोंडावर 'सर', पाठीमागे 'पुतळा'. घरीही एकटेच असतात म्हणे, म्हणजे तिथेही पुतळाच.

तर, आजचा विषय कॅलेंडर. आईला हाताला धरून नेलं. बाबा गेल्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासून ही बाहेर पडते ती भाजीला नाहीतर दवाखान्यात. 'मला काय कळतंय त्यातलं' असं सत्रांदा म्हणत शेवटच्या रांगेत बसली. आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली तर पहिला हात हिचाच वर!

"सप्त म्हणजे सात, अष्ट म्हणजे आठ, नव नऊ आणि दश दहा. मग सप्टेंबर नववा कसा हो? आणि डिसेंबर बारावा?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात पुतळा खुर्चीतून उठला. "उत्तम प्रश्न!" इतकी वर्षं राबतेय मी, मला एक 'उत्तम' मिळालेलं नाही. मग सर उभ्याउभ्या सांगत सुटले. रोमन लोकांचं वर्ष आधी मार्चपासून सुरू व्हायचं, तिथून मोजा, सप्टेंबर बरोब्बर सातवा येतो. पुढे जानेवारी-फेब्रुवारीला आणून वर बसवलं, पण या चार महिन्यांची नावं बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्यांची भाषा आणि आपली भाषा म्हणजे लांबच्या मावसबहिणी, म्हणून सप्त आणि सप्टेंबर सारखे दिसतात.

घरी येताना आई म्हणाली, "मार्चपासून मोजायचं. बघ, आहे की नाही गंमत!" रस्ताभर बोटांवर महिने मोजत होती.

६ मे, सोमवार

सुट्टी. दादाचा फोन. आईचं त्याच्याकडे यायचं विमानाचं तिकीट काढलं — आठ जून. फक्त जायचं. यायचं नाही!

"इथे मोठं घर आहे, आम्ही दोघं आहोत, मुलं आहेत. तिथे ती दिवसभर भिंतींशी बोलते. तू तर सकाळी जातेस ती संध्याकाळी उगवतेस." खोटं काय त्यात? काहीच नाही. म्हणून तर जास्त लागलं.

वहिनीही फोनवर आली. चांगली आहे बिचारी. आईसाठी खोली रंगवून घेतेय म्हणे.

आई काय म्हणाली? "बघू." हिचं 'बघू' म्हणजे हो की नाही, ते बाबांनाही जन्मभर कळलं नाही. मला ती जायला नकोय. पण ते मी कुठल्या तोंडाने सांगू? जा म्हणत नाही, राहा म्हणत नाही. बसलेय मूग गिळून.

८ मे, बुधवार

कपाटाच्या वरून मोठी बॅग काढली. धूळ! आईने पुसून खाटेखाली ठेवली. रिकामीच.

१२ मे, रविवार

दुसरा कार्यक्रम — रोमन आकड्यांत हिशेब. शून्य नाही, एकं-दहं-शतं नाही, करा बेरीज! लोकांची अशी काही तारांबळ उडाली की विचारू नका. एक निवृत्त बँकवाले गृहस्थ घामाघूम. आई आज आपणहून आली. न सांगता! दुसऱ्या रांगेत बसली होती. एका बाईशी ओळखही करून घेतली.

तिकीट खिडकीवरची बाई मला म्हणते, "तुमच्या आईंना पुतळ्याने आतून खुर्ची आणून दिली. गादीची." म्हटलं, वयस्कर बाई बघून दिली असेल. "वयस्कर बाया डझनभर होत्या," म्हणाली. या बाईला तिकिटं फाडण्यापेक्षा दुसऱ्याच कामाची आवड.

१४ मे, मंगळवार

आज असा राग आलाय!

मालिकेचा शेवटचा कार्यक्रम — रोमन लग्न. अंगठी, नवरीच्या डोक्यावरचा पडदा, उंबऱ्यावरून उचलून नेणं, आजही जगभर चाललेलं हे सगळं तिथे कसं होतं ते अगदी खऱ्यासारखं लग्न लावून दाखवायचं. नट ठरला, नटी ठरली. दोघांचं खऱ्या आयुष्यातही जमलेलं, म्हणजे तालमीला वेळ कमी लागणार. सुतार दार बनवतोय. तारीख ठरली सव्वीस मे. पत्रकं छापायला जाणार, तेवढ्यात पुतळ्याने फाइल मिटली.

"मे महिन्यात रोमन लग्न? अशक्य."

का? तर मे महिना त्यांच्याकडे लग्नाला अशुभ! जूनचा पहिला पंधरवडाही चालत नाही! सर, म्हटलं, हे नाटक आहे, कुणाचा संसार बिघडणार नाहीये. "बाई, आपण म्युझियम आहोत. चुकीच्या मुहूर्तावर बरोबर लग्न कसं लावणार?" आणि कॅलेंडर काढून सोळा जूनवर बोट ठेवलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा मुहूर्त बघणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

म्हणजे लग्नाच्या आठवडाभर आधी आई विमानात. मालिका माझी, मी पहिल्यांदा काहीतरी मोठं करतेय — आणि तेच नेमकं तिला दिसणार नाही. संडासात जाऊन रडून आले. मग तोंड धुऊन पत्रकांची तारीख बदलली.

१७ मे, शुक्रवार

नवरीचा पोशाख शिवायला दिला होता, त्या शिंप्याने झबलं शिवून आणलं! वैतागून घरी आणला. आईने नुसता उलटा करून पाहिला. "हे शिवलंय की टाचलंय?" आणि माझ्या हातातून घेऊन सरळ उसवायला बसली. मशीनवरचं कापड काढलं — बाबा गेल्यापासून ते मशीन बंदच होतं. तेल घातलं. खटखटखट! आमच्या घरात कधीचा हा आवाज नव्हता.

१९ मे, रविवार

रस्ते, पूल आणि गटारं. गटारांना तुफान प्रतिसाद.

२२ मे, बुधवार

आईने आपणहून दादाला फोन लावला. मी शेजारी उभी.

"अरे, माझं ते तिकीट पुढे ढकल."

"का गं? बरं नाही का?"

"नवरीचं शिवण अर्धं झालंय. अर्धवट टाकून येऊ होय?"

"कुणाच्या नवरीचं?"

"रोमन."

मग दादाने फोन मला द्यायला सांगितलं. तूच भरवलंस तिच्या डोक्यात, म्हणाला. मी भरवलं? आईच्या डोक्यात काही भरवता आलं असतं तर आम्ही दोघं लहानपणी इतका मार खाल्ला असता का? शेवटी कुरकुरत वीस जूनचं करून दिलं. पण 'हे शेवटचं हं!' असा दमही दिला.

मी इतकी खूश झाले की रात्रीची भांडी न सांगता घासली.

२९ मे, बुधवार

आज ऑफिसातून घरी आले, दार उघडलं — सोफ्यावर पुतळा!

मला क्षणभर वाटलं मीच चुकून परत ऑफिसात आले. हातात चहाचा कप, मांडीवर कापडाचे तुकडे. नवरीच्या पडद्याचा रंग तपासायला आले म्हणे. तो ज्वाळेच्या रंगाचा हवा. आईने रंगवला तो 'किंचित गाजराकडे झुकतो'. आता हिचा पारा चढणार, मी मनात म्हटलं. माझ्या आईच्या कामाला नावं ठेवून या घरातून कुणी धड गेलेलं नाही.

आणि आई काय म्हणाली? "गॅस पेटवते, शेजारी धरून बघू." दोघं स्वयंपाकघरात! गॅसच्या ज्वाळेशेजारी पडदा धरून उभे! "ज्वाळा तर निळी आहे हो," आई म्हणाली. "त्यांच्याकडे गॅस नव्हता," पुतळा म्हणाला. मग मेणबत्ती शोधली.

मी आपली पर्स खांद्याला लावून दारात उभी. मला चहा कुणी विचारला नाही.

३० मे, गुरुवार

म्युझियमभर झालंय की सर आमच्याकडे चहाला आले होते. मी कुणाला सांगितलं नाही. तिकिटवाली म्हणते, "शर्ट नवा होता ना?" मला काय माहीत! मी शर्ट बघायला जाते का तिथे?

८ जून, शनिवार

आज आईचं विमान गेलं — आईशिवाय! आई घरी गुडघ्यांवर बसून काठाला टाके घालत होती. टाचण्या ओठांत धरून गुणगुणत होती. मी दारातूनच बघून मागे फिरले. वीस तारखेचा विचारच करायचा नाही असं ठरवलंय. सारखा येतो.

११ जून, मंगळवार

बॅनर आला. देवा रे देवा!

त्या लग्नात नवरीने म्हणायचं एक वाक्य आहे — 'जिथे तू गायस, तिथे मी गाया.' गायस हे तिकडचं अगदी घरोघरचं नाव. जिथे तू अमका, तिथे मी तुझी अमकी, असा साधा अर्थ. किती गोड वाक्य! म्हणून मीच हट्टाने ते बॅनरवर मोठ्या अक्षरांत घ्यायला लावलं.

मुख्य दारावर बॅनर उलगडला. आई पोशाख घेऊन आली होती, पुतळा देखरेखीला, सुतार शिडीवर. आणि वर हातभर अक्षरांत —

'जिथे तू गाय, तिथे मी गाय'!

प्रेसला फोन लावला. "मॅडम, तुमच्या मजकुरात चूक होती, ती आम्हीच सुधारून दिली. गायस असं काही नसतं. वेगळे पैसे नाही लावले." वर उपकार!

मी डोक्याला हात लावून पायरीवर बसले. नोकरी गेली, असंच वाटलं. आणि मागून आवाज आला — हसण्याचा. आई! भिंतीला टेकून, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. तीन वर्षांत मी तिला असं हसताना पाहिलेलं नाही. "अगं," म्हणते, "चरायला कुठे जायचं तेही लिहायचं होतं!" आणि मग आणखी एक आवाज. घोगरा, खूप दिवस न वापरलेला. पुतळा हसत होता! चष्मा काढून! खांदे हलत होते! शिडीवरचा सुतार घाबरून खाली उतरला.

मला वाटलं आता बॅनर उतरवायला सांगतील. "राहू दे," म्हणाले. "लोक वाचायला थांबतील." मुहूर्त चुकायला नको म्हणून माझा महिना खाणारा माणूस हा! हा माणूस मला कधी कळायचा नाही.

१३ जून, गुरुवार

गाय वाचून लोक खरंच आत येतायत. तिकिटवाली म्हणते, एकाने विचारलं, गुरांचं प्रदर्शन कधी आहे?

१५ जून, शनिवार

संपलं सगळं! उद्या लग्न, आणि नवरानवरीचं मोडलं! नाटकातलं नाही, खरंखुरं. काल संध्याकाळी कडाक्याचं भांडण — तिने अंगठी त्याच्या अंगावर फेकली. आज सकाळी तिचा फोन, 'त्याच्यासोबत खोटंसुद्धा लग्न करणार नाही.' त्याचा फोन तर लागतच नाही. लग्न लावणारी बाई मी, ती जागा सोडून नवरी होऊ शकत नाही. सगळी माहिती मीच सांगायची. तिकिटवाली? तिला पोशाखात बसवायचं तर अजून दीड पोशाख लागेल, असं ती स्वतःच म्हणाली.

आई पडद्याला इस्त्री करत ऐकत होती.  इस्त्री एकाच जागी बराच वेळ फिरत होती.

१६ जून, रविवार

सगळं क्रमाने लिहिते.

सभागृह सकाळीच भरलं. मागे लोक उभे, मुलं खिडक्यांच्या कट्ट्यांवर. मी पडद्यामागे, नखं खात. पोशाख खुर्चीवर पडलेला, रिकामा. तिकिटवाली आली, कमरेवर हात. "शिवला कुणी हा? अंगाला बसेल कुणाच्या? ज्याने मापं स्वतःच्या अंगाला लावून घेतली त्याच्याच ना!" आणि सरळ आईकडे बघितलं.

"माझं वय काय, तुम्ही बोलता काय!" आई. पण उठली! नाही म्हणत म्हणत पोशाख हातात घेतलासुद्धा.

आणि नवरा? मी म्हटलं, वॉचमनकाकांना उभं करू. तोवर पुतळा आला. अंगाभोवती टोगा — रोमन पुरुषांचं ते लांबलचक वस्त्र — गुंडाळून! कधी गुंडाळला, कुणी गुंडाळला, कोण जाणे. "मला सगळे शब्द पाठ आहेत," म्हणाले. "दुसऱ्या कुणी चुका करण्यापेक्षा…" कान लाल झाले होते. प्रयोगाआधी भीती वाटते माणसाला.

आईच्या डोक्यावर तो पडदा घातला. मेणबत्तीच्या ज्वाळेचा रंग. मी तिच्याकडे बघतच राहिले. माझी आई सुंदर आहे! हे मला कधी कुणी सांगितलंच नाही, आणि मलाही कधी दिसलं नाही.

मी लोकांना सांगत होते — लोखंडाची अंगठी, करंगळीशेजारच्या बोटात, कारण तिथून एक शीर थेट काळजात जाते अशी त्यांची समजूत. मग हातात हात. "उजव्या हातात उजवा," मी म्हटलं. आणि ज्या माणसाने मला महिनाभर मुहूर्तावरून छळलं, त्याने पुढे केला डावा! सगळे हसले. "उजवा हो," आई हळूच म्हणाली. पण माइक चालू होता!

मग ते वाक्य. चिठ्ठी दिली होती तिच्या हातात, तिने बघितलीसुद्धा नाही. "जिथे तू गायस, तिथे मी गाया." एवढं साधं, एवढं सरळ. बॅनर वाचून हसायच्या तयारीने आलेले लोक — कुणी हसलं नाही. मी तोंड फिरवून पाणी प्यायचं नाटक केलं.

शेवटी उंबरा. नवरीला उचलून आत न्यायचं, तिला ठेच लागू नये म्हणून. पुतळ्याने टोग्याचा घोळ सावरला. वॉचमनकाका धावले, "सर, कंबर! कंबर!" आई म्हणाली, "काही उचलायला नको. पाय आहेत मला." आणि पडदा सावरत स्वतःच उंबरा ओलांडून आत गेली. काय टाळ्या पडल्या! मुलांनी अक्रोड उधळले, एक माझ्या कपाळावर बसला, टेंगूळ आलंय.

तिकिटवाली नंतर कानात — "सरांनी आईंचा हात कधीचा सोडायचा होता. सोडला का?" म्हटलं, कंबर धरली असेल त्यांची, आधार घेतला असेल. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू माझी कीव आली तिला.

सर जाताना मला म्हणाले, "उत्तम." हो! मला! पुढच्या वर्षीही मालिका करायची!

घरी आलो. बॅग अजून खाटेखाली. वीस तारीख आलीच.

१७ जून, सोमवार

आज बोलले. आई बॅगेपुढे बसली होती, दोन साड्या आत, दोन बाहेर. मला राहवेना.

"आई, जाऊ नकोस."

झालं! एवढंसं वाक्य, आणि मी लहान पोरीसारखी ओक्साबोक्शी. दादाकडे माणसं आहेत, मोठं घर आहे, माझ्याकडे काय आहे? संध्याकाळी दमून येते आणि तुझ्यावरच खेकसते. तरी जाऊ नकोस. मी स्वार्थी आहे. असू दे. तू घरात नसलीस तर मी कुलूप उघडून येऊ कुणाकडे?

आईने मला जवळ ओढलं. "महिनाभर मिठाची गुळणी धरून बसलीस, आणि आता सांगतेस होय? मी वाटच बघत होते, ही कधी तोंड उघडते." डोळे तिचेही भरलेले. मग म्हणाली, "उद्या सांगते काय ते. आधी एकाशी बोलायचंय."

दादाशीच असणार. त्याला वाईट वाटू नये म्हणून.

१८ जून, मंगळवार

आई दादाकडे जात नाही. माझ्याकडेही राहत नाही!

सकाळी चहा ठेवला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तुमच्या साहेबांनी विचारलं. मी हो म्हटलंय. तुला चालेल ना गं?" मी आधी हसले, मग रडले, मग तिला मिठी मारून दोन्ही एकदम. चहा सगळा उतू गेला.

दादाला सांगायचं काम आलं माझ्याच गळ्यात. फोन लावला. म्हटलं, आईचं तिकीट रद्द कर आणि तुम्हा सगळ्यांची काढ. घरात लग्न आहे.

केवढ्याने ओरडला! "अगं, मग आधी नाही का सांगायचं, वेडाबाई! ठरलं म्हणायचं एकदाचं! मुलगा काय करतो?"

म्हटलं, मुलगा पुढच्या वर्षी रिटायर होतो.